बेळगावहून कणेरी मठ आणि कोल्हापूरची म्युझियम, एका दिवसात होतंय काय?

शहापूरची सून:
नमस्कार, आमच्या गल्लीतल्या बायका आणि चार-पाच वयस्कर मंडळी मिळून वीस-बावीस जण रविवारी मिनीबस करून जायचं म्हणतोय, कणेरी मठावरचं गावाचं म्युझियम, मग टाऊन हॉलचं म्युझियम, चंद्रकांत मांडरेंच्या चित्रांचं म्युझियम, न्यू पॅलेस आणि शेवटी अंबाबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात पण सगळ्यात जास्त हौस त्यांनाच. जमेल काय ओ?

निपाणीकर:
वहिनी, एवढं नका घालू एका दिवसात. सकाळी सहाला निघा, तवंदी घाट उतरून निपाणीत नाष्टा करा, कोगनोळी-कागल सोडलं की गोकुळ शिरगावजवळनं कणेरीला आत वळायचं. ऊन चढायच्या आत तिथलं बघून घ्या कारण सगळं उघड्यावर आहे, चालणं भरपूर. आणि तिथं घाई करू नका. कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, सगळे बलुतेदार सिमेंटच्या पुतळ्यांतनं कामाला बसलेले दाखवलेत. आम्ही आईला घेऊन गेलो होतो, ती मोटेपुढं उभी राहिली आणि तिच्या माहेरच्या विहिरीवर मोट कशी चालायची, नाडा कोण धरायचं, हे पोरांना अर्धा तास सांगत बसली, आम्हाला घरात कधी सांगितलं नव्हतं तिनं. म्हाताऱ्यांना तिथं बोलू द्या, वाटल्यास न्यू पॅलेस सोडा.

वडगावचा मास्तर:
टाऊन हॉल मात्र सोडू नका, सीपीआर दवाखान्याजवळच आहे. १९४५-४६ ला ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खनन झालं त्यातल्या वस्तू तिथं आहेत, पोसायडन म्हणून ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्ती मुलांना नक्की दाखवा, आपल्या पंचगंगेकाठी रोमशी व्यापाराचा माल येत होता त्याची ती खूण. आबालाल रहिमान यांची चित्रं पण आहेत. सोमवारी बंद असतं, तुमचा रविवार बरोबर आहे.

खानापूरवाली:
मांडरेंचं राजारामपुरीत आहे, सिनेमातले नट म्हणून आपल्याला माहीत पण निसर्गचित्रं काय सुंदर काढलीत! पावडर शेडिंग, म्हणजे कोरड्या पुडीनं छटा देऊन काढलेली चित्रं, जवळनं बघा. पायऱ्या, व्हीलचेअरचं आधी फोन करून विचारा.

शहापूरची सून:
न्यू पॅलेस कॅन्सल. सासूबाईंना मोटेचं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या कणेरीत मला दोन तास पाहिजेत, अंबाबाईला नवरात्रात परत जाऊ.