रेमोला 'जलवा'ने शोधलं?

गोव्याचा गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस, त्याची कारकीर्द १९८७च्या 'जलवा' या हिंदी सिनेमापासून सुरू झाली, असं इथे कुणीतरी लिहिलंय. मुंबईच्या मासिकांनी तेच लिहून लिहून ते खरं करून टाकलं. सिनेमाच मोजायचा तर बेनेगलांचा 'त्रिकाल' १९८५चा, त्यातही तो आहेच. पण खरी सुरुवात 'गोअन क्रेझी' या त्याच्या अल्बमची, १९८४. मुंबईच्या जेजे कॉलेजातून आर्किटेक्चर शिकलेला हा माणूस गोव्यातल्या शिवोलीच्या घरी बसून चार ट्रॅकच्या (म्हणजे चारच आवाज वेगवेगळे भरता येणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर सगळी वाद्यं स्वतः वाजवतो, सगळे आवाज स्वतः गातो, कव्हर स्वतः काढतो आणि कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी नेऊन देतो. यात 'शोधणारा' कोण? म्हापशाचा दुकानदार म्हणा हवं तर.

माझ्या मामाकडे त्या काळातल्या कॅसेटींचा एक खोका आहे. बऱ्याचशा आता वाजत नाहीत, फीत चिकटलीय. पण आतले कागद शाबूत आहेत, आणि मला त्यांचंच जास्त अप्रूप. कोणी काय वाजवलं, रेकॉर्डिंग कुठे झालं, हे त्यांवर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. कलाकारावर लिहिणाऱ्यांनी मुलाखत मागण्याआधी तेवढं तरी वाचावं. नाहीतर पहिला प्रश्न ठरलेला, 'ब्रेक कसा मिळाला?' (आमच्या तियात्रातल्या, म्हणजे गोव्याच्या कोंकणी संगीत नाटकांतल्या, गायकांनाही हा प्रश्न चुकत नाही.) चार ट्रॅकवर ढोल, बासरी, गिटार आणि कोरस एकट्याने कसा बसवला, हे विचारलेली मुलाखत कुणाच्या वाचनात आली असेल तर इथे टाका.