ग्रीसचा इतिहास अलेक्झांडरपाशी संपतो का?

गोदाकाठ

आपल्या शाळेच्या पुस्तकात ग्रीस लवकर येतो आणि लवकर जातो. अलेक्झांडर झेलमच्या काठी पुरूशी लढतो, सैन्य पुढे यायला नकार देतं, तो माघारी वळतो आणि त्याच्यामागोमाग ग्रीसही पुस्तकाबाहेर पडतो. पुन्हा दिसतो तो २०१० सालच्या कर्जाच्या बातम्यांत. मधल्या तेवीसशे वर्षांत तिथे कोण राहत होतं, राज्य कोणाचं होतं, पत्ताच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ही पोकळी फक्त आपल्या पुस्तकांची नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपने आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या ग्रीक राज्याने मिळून ती मुद्दाम पाडली. आजचा ग्रीस समजून घ्यायचा तर प्राचीन अथेन्सच्या पेरिक्लीसपेक्षा बायझंटाइन साम्राज्य (कॉन्स्टंटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल राजधानी असलेलं पूर्व रोमन साम्राज्य) आणि १९२३ हे साल जास्त उपयोगी पडतं.

अथेन्सच्या ॲक्रोपोलिस गडावरच्या पार्थेनॉन मंदिराचंच बघा. इ.स.पू. ४४७ मध्ये काम सुरू झालं, ४३८ मध्ये अथेना देवीची मूर्ती आत बसली. पुढे तिथे मेरीमातेचं चर्च झालं, चौथ्या धर्मयुद्धानंतर, म्हणजे १२०४ नंतर, लॅटिन सरदारांचं कॅथीड्रल झालं, आणि पंधराव्या शतकात ऑटोमन आल्यावर मशीद. २६ सप्टेंबर १६८७ ला व्हेनिसच्या तोफगोळ्याने आत साठवलेली बंदुकीची दारू उडाली आणि इमारत मधोमध फुटली. १८३३ मध्ये तुर्की शिबंदी गड सोडून गेली तेव्हा वर घरं होती, भग्न पार्थेनॉनच्या आत एक छोटी मशीद होती, प्रवेशद्वाराशी फ्रँक, म्हणजे त्याच लॅटिन, सरदारांच्या काळातला उंच बुरूज होता. घरं गेली, मशीद गेली. बुरूज १८७५ मध्ये पाडला, आणि त्याचे पैसे ट्रॉय खोदणाऱ्या श्लीमानने दिले. आज जो स्वच्छ, पांढरा, 'प्राचीन' ॲक्रोपोलिस आपण फोटोत बघतो, तो असा उरवलेला आहे.

स्पार्टाचंही तेच. शेजारी डोंगरउतारावर मिस्त्रास हे बायझंटाइन शहर होतं. शेवटचा सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याच्या राज्यारोहणाचा सोहळा १४४९ मध्ये तिथेच झाला. १८३४ मध्ये बव्हेरियाहून आणलेल्या राजा ऑटोच्या हुकमाने खाली सपाटीवर नवं 'स्पार्टी' आखलं गेलं आणि मिस्त्रास ओस पडत गेलं. गावांची नावंसुद्धा बदलली: झितुनीचं लामिया, सालोनाचं आम्फिसा, वोस्तित्साचं ऐगिओ. लोक शतकानुशतकं जी नावं घेत होते ती पुसून पुस्तकातली लावली.

वाचनवेडी

गोदाकाठ, तपशील बरोबर आहेत, निष्कर्षाशी मी पूर्ण असहमत आहे.

तुमच्या मांडणीत ग्रीक माणसाला स्वतःचं काही मतच नाही. जणू जर्मन आणि इंग्रज आले, त्यांनी सांगितलं की तुम्ही पेरिक्लीसचे वंशज, आणि ह्यांनी मान डोलावली. ज्या मिस्त्रासचं नाव तुम्ही घेतलंत तिथेच पंधराव्या शतकात प्लेथॉन नावाचा तत्त्ववेत्ता राहत होता. त्याने १४१८ च्या सुमारास सम्राटाला लिहून कळवलं होतं की आपण वंशाने हेलेनीज (प्राचीन ग्रीकांचं स्वतःसाठीचं नाव) आहोत, भाषा आणि वाडवडिलांची विद्या हीच त्याची साक्ष. तेव्हा कॉन्स्टंटिनोपल पडायलाही पस्तीस वर्षं होती. ऑटोचा पत्ता नव्हता, श्लीमानचा नव्हता.

आणि भाषेचं काय? मायकल व्हेंट्रिसने १९५२ मध्ये लिनिअर बी ही कांस्ययुगातली लिपी उलगडली आणि नॉसॉस, पायलॉस इथल्या प्राचीन राजवाड्यांतल्या मातीच्या पाट्यांवरची भाषा ग्रीक निघाली. तिथपासून आजपर्यंत तेहेतीस-चौतीस शतकं ही भाषा अखंड बोलली जाते आहे. रोमन आले, स्लाव आले, फ्रँक आले, तुर्क आले. भाषा टिकली. ज्यांच्या तोंडी ती आहे त्यांनी आपला पूर्वज कोण ते सांगायचं नाही, तर मग कोणी सांगायचं?

गोदाकाठ

प्लेथॉनची आठवण काढलीत हे उत्तम केलंत. पण त्याचं पुढे काय झालं तेही सांगा ना. तो वारल्यावर त्याचा 'नियम' हा ग्रंथ गेनाडिओसने जाळून टाकला, आणि गेनाडिओस म्हणजे तुर्की अमलातला पहिला पॅट्रिआर्क, ऑर्थोडॉक्स चर्चचा प्रमुख. प्लेथॉन मिस्त्रासचा होता खरा, पण एकटा होता. समाज त्याच्यामागे नव्हता, चर्चमागे होता.

सामान्य माणूस स्वतःला काय म्हणवत होता? रोमिओस, म्हणजे रोमन. पीटर चारानिस हे बायझंटाइन इतिहासाचे अभ्यासक मूळचे लेम्नोस बेटावरचे. त्यांची लहानपणची आठवण प्रसिद्ध आहे. १९१२ मध्ये ग्रीक आरमाराने बेट घेतलं, सैनिक गावागावांत उतरले, आणि 'हेलेनीज' दिसतात तरी कसे ते बघायला पोरं धावली. सैनिकांनी विचारलं, काय बघताय, तुम्हीही हेलेनीजच ना? पोरं म्हणाली, नाही, आम्ही रोमन. ही पोरं ग्रीकच बोलत होती, आणि स्वतंत्र ग्रीस तेव्हा ऐंशी वर्षांचा झाला होता.

कातळशिल्प

गोदाकाठ यांच्याशी सहमत, उलट मी आणखी पुढे जाईन. फालमेरायर या जर्मन इतिहासकाराने १८३० मध्येच लिहून ठेवलंय की आजच्या ग्रीकांत प्राचीन हेलेनीजचं रक्त उरलेलंच नाही, मध्ययुगात स्लावांनी आणि नंतर अल्बेनियन लोकांनी सगळा प्रदेश भरला. म्हणजे वारशाचा दावाच पोकळ. पुतळे त्यांचे नाहीत, तत्त्वज्ञान त्यांचं नाही.

गोदाकाठ

कातळशिल्प, माझ्या बाजूने बोलताय, पण हा मुद्दा मला नको आहे. फालमेरायरला रशियाची धास्ती होती. स्वतंत्र ग्रीस म्हणजे रशियाच्या हातातलं ऑर्थोडॉक्स प्यादं होईल या भीतीपोटी त्याचं लिखाण झालंय. शिवाय २०१७ मध्ये मायसिनी काळातल्या, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातल्या, सांगाड्यांच्या डीएनएचा अभ्यास झाला. त्यात आजचे ग्रीक त्या लोकांच्या बऱ्यापैकी जवळचे निघाले, नंतरची थोडी सरमिसळ धरून. पण समजा उलटं निघालं असतं, तरी काय? रक्तावर माझा एकही मुद्दा उभा नाही.

वाचनवेडी

हे बोललात ते बरं झालं. या एका बाबतीत आपण दोघं एका बाजूला.

काळी_माती

दोघंही एक मोठी गोष्ट विसरताय. १८२१ चा तुर्कांविरुद्धचा उठाव पेरिक्लीसच्या नावाने झाला की बायझंटाइन गरुडाच्या, यावर वाद चाललाय, पण पैसा कोणाचा होता? व्यापाऱ्यांचा. उठावाची तयारी करणारी 'फिलिकी एतेरिया' ही गुप्त संघटना १८१४ मध्ये ओडेसात, काळ्या समुद्रावरच्या रशियन बंदरात स्थापन झाली, आणि स्थापणारे तिघेही व्यापारी. हिड्रा, स्पेत्सेस, प्सारा या बेटांवरची मालवाहू जहाजंच पुढे लढाऊ जहाजं झाली. डोंगरातले क्लेफ्ट म्हणजे बंडखोर टोळीवाले. यांच्यातल्या बहुतेकांनी प्लेटो वाचलेला नव्हता.

व्यापारी म्हणजे केवढे, ते मुंबईकरांना सांगायला नको. कापसाच्या धंद्यात ज्यांचं नाव होतं ते रॅली ब्रदर्स मूळचे खिऑस बेटाच्या घराण्यातले. १८२२ मध्ये त्या बेटावर तुर्कांनी भयंकर कत्तल केली, उरलेले देशोधडीला लागले. लंडन, मार्सेय, कलकत्ता, मुंबई अशा पेढ्यांचं जाळं या घराण्यांनी उभं केलं. ग्रीसचा अर्वाचीन इतिहास ग्रीसच्या नकाशात मावतच नाही, हा माझा मुद्दा.

आणि उठाव म्हटला की त्रिपोलित्साही आठवा. ऑक्टोबर १८२१ मध्ये शहर पडल्यावर तिथल्या हजारो मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल झाली. खिऑस सांगायचं आणि त्रिपोलित्सा गाळायचं, हे चालणार नाही.

अबोली

पहिल्या पोस्टमध्ये १९२३ चा नुसता उल्लेख करून सोडून दिलाय. माझ्या मते तोच या धाग्याचा गाभा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, घुसलं. कॉन्स्टंटिनोपल पुन्हा आपलं करायचं, हे 'मेगाली इडेआ'चं म्हणजे महान कल्पनेचं स्वप्न १८४४ पासून उघड बोललं जात होतं. १९२२ मध्ये सैन्याचा दारुण पराभव झाला, सप्टेंबरात तिथलं स्मिर्ना हे बंदर (आजचं इझमिर) जळालं, धक्क्यावर माणसांची रीघ लागली. जानेवारी १९२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला करार झाला: तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला. सक्तीने. साधारण १२ लाख माणसं ग्रीसमध्ये आली, साडेतीन-चार लाख गेली. पन्नास-पंचावन्न लाख वस्तीच्या देशात १२ लाख निर्वासित!

कोण ग्रीक आणि कोण तुर्क हे ठरवलं कशावरून? धर्मावरून. कॅपाडोकियातले ख्रिस्ती घरात तुर्की बोलायचे, तरी ते 'ग्रीक' ठरून बोटीत बसले. क्रीटमधले मुसलमान ग्रीक बोलायचे, ते 'तुर्क' ठरले. वाचनवेडी, भाषेचा निकष तुम्ही इतक्या ठामपणे मांडलात, पण ज्या घडीला खरंच माणसांची वाटणी झाली त्या घडीला भाषा कोणी विचारलीसुद्धा नाही.

आपल्याकडे १९४७ चा विषय निघाला की हा करार कोणाला आठवत नाही. पण पॅलेस्टाइनची फाळणी सुचवणाऱ्या ब्रिटिशांच्या पील आयोगाने १९३७ मध्ये याच अदलाबदलीचा दाखला दिला होता. माणसं उचलून प्रश्न सोडवता येतो ही समजूत लोझाननंतर प्रतिष्ठित झाली, आणि त्याची किंमत पुढे फार लोकांनी मोजली.

निर्वासितांनी ग्रीस बदलून टाकला. अथेन्सचं नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया ही त्यांचीच उपनगरं. एईके हा अथेन्सचा फुटबॉल क्लब १९२४ मध्ये कॉन्स्टंटिनोपलहून आलेल्यांनी काढला. त्यांच्या बिल्ल्यावर बायझंटाइन दुतोंडी गरुड आहे, पार्थेनॉनचे खांब नाहीत.

वाचनवेडी

अबोलीताई, धर्माच्या निकषाचा मुद्दा जोरदार आहे, तो मला खोडता येत नाही. पण तुमच्या गरुडानेच गोदाकाठ यांचा मूळ दावा पडतो. ग्रीक राज्याने बायझंटाइन काळ पुसला असता तर १९२४ च्या बिल्ल्यावर गरुड कुठून आला असता?

पापारिगोपुलोस या इतिहासकाराने १८६० ते १८७४ मध्ये 'ग्रीक राष्ट्राचा इतिहास' खंडशः लिहिला आणि प्राचीन, बायझंटाइन, अर्वाचीन असा सलग धागा बांधला. ग्रीक शाळांत तोच सांगाडा रुजला. म्हणजे पोकळी असली तर ती युरोपच्या डोक्यात आणि आपल्या पुस्तकांत. ग्रीकांनी स्वतःची पोकळी दीडशे वर्षांपूर्वीच भरली.

आणि पार्थेनॉनच्या शिल्पांचं काय? ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी १८०१ पासून ती उतरवली, १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. २००९ मध्ये अथेन्सला ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी नवं संग्रहालय उघडलं. वरच्या मजल्यावर शिल्पपट्टी मूळ क्रमाने लावली आहे: जुना, मधाच्या रंगाचा दगड, आणि लंडनला असलेल्या तुकड्यांच्या जागी पांढरे प्लॅस्टरचे साचे. एका घोड्याचं डोकं इथे आणि धड तिथे, अशी गत. 'तुम्ही खरे वारस नाहीत' हा युक्तिवाद कोणाच्या सोयीचा आहे, ते एकदा तपासा. मी म्हणून इतकी भांडते.

गोदाकाठ

शिल्पं परत गेलीच पाहिजेत. त्यासाठी पेरिक्लीसचा वंशज असावं लागत नाही. इमारत अथेन्समध्ये आहे, तुकडेही तिथेच हवेत, एवढं पुरेसं आहे.

पापारिगोपुलोसबद्दल तुमचं म्हणणं मान्य. मी 'बायझंटाइन पुसलं' असं सरसकट लिहिलं, ते पहिल्या काही दशकांपुरतंच खरं. पण त्याने भरलेल्या धाग्यातही ऑटोमन काळ म्हणजे चारशे वर्षांची काळरात्र एवढंच उरलं. त्या काळरात्रीत थेस्सालोनिकी हे शहर होतं, जिथे स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू सुलतानाच्या राज्यात येऊन वसले. १९१२ मध्ये ते ग्रीसमध्ये आलं तेव्हा तिथे सगळ्यांत मोठा समाज ज्यूंचा होता. १९४२ मध्ये जर्मन ताब्याखाली त्यांचं प्रचंड कब्रस्तान उखडलं गेलं, पुढच्या वर्षी चाळीस हजारांहून जास्त माणसं ऑशविट्झला नेली गेली. त्या कब्रस्तानावर आज विद्यापीठ उभं आहे, ॲरिस्टॉटलच्या नावाचं. अथेन्सला सरकारी मशीद मिळाली ती २०२० मध्ये. ही पोकळी कोणी भरली?

कातळशिल्प

मॅसिडोनियाचा वादही यातलाच. शेजारच्या देशाने मॅसिडोनिया हे अलेक्झांडरच्या राज्याचं नाव घेतलं म्हणून १९९४ मध्ये ग्रीसने त्याच्यावर व्यापारबंदी घातली. २०१८ च्या प्रेस्पा करारानंतर तो 'उत्तर मॅसिडोनिया' झाला. तेवीसशे वर्षांपूर्वीच्या अलेक्झांडरसाठी आजच्या माणसांची कोंडी.

काळी_माती

त्याहून जवळचं उदाहरण देतो, कारण भाषा टिकली या वाचनवेडींच्या मुद्द्याची दुसरी बाजू त्यात आहे. नव्या राज्याने कारभाराला आणि शाळेला लोकांची भाषा घेतलीच नाही, 'काथारेवुसा' ही प्राचीन वळणाची, शुद्ध केलेली भाषा घेतली. १९०१ मध्ये अलेक्झांद्रोस पाल्लिस यांनी शुभवर्तमानाचा बोलीभाषेत अनुवाद केला. तो अथेन्सच्या वर्तमानपत्रात छापून येऊ लागला तेव्हा विद्यापीठातले विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दंगलीत आठ जण मेले, सरकार पडलं. हे पाल्लिस रॅली ब्रदर्सच्या नोकरीत होते आणि काही काळ मुंबईत राहून गेले होते. काथारेवुसा सरकारदरबारातून गेली ती थेट १९७६ मध्ये, लष्करी हुकूमशाही संपल्यावर. तोवर खेड्यातल्या पोराने घरी एक भाषा बोलायची आणि अर्ज दुसऱ्या भाषेत करायचा.

वाचनवेडी

बरोबर, आणि पाल्लिस यांनी बोलीभाषेत आणखी काय आणलं, माहीत आहे? होमरचं 'इलियड'. रॅलींच्या पेढीतला हा माणूस पूर्वजांना सोडून लोकांकडे गेला नाही, पूर्वजांना लोकांच्या भाषेत घेऊन आला. गोदाकाठ म्हणतात की प्राचीन ग्रीसचं नाव वरून लादलं गेलं. मग लोकभाषेसाठी आयुष्यभर भांडलेल्या माणसाला होमरच का घ्यावासा वाटला, याचं उत्तर मला त्यांच्याकडून हवंय.