कोन क्रशर 'ऑटो'वर टाकावा की ऑपरेटरच्या हातात ठेवावा?

खडकफोड्या
ऑटोमेशनचं सगळं कौतुक बॉल मिल (पोलादी गोळ्यांनी खनिज दळणारं पिंप) आणि फ्लोटेशनच्या (त्या पुडीतून खनिज वेगळं काढणं) वाट्याला येतं. क्रशिंग विभाग बिचारा धुळीत पडलेला. माझं मत: दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या कोन क्रशरचा (आतल्या शंकूने दगड चिरडणारं यंत्र) फीड, म्हणजे आत जाणारा माल, माणसाने हाताने चालवूच नये. चेंबर काठोकाठ भरलेला असला की दगडावर दगड फुटतो, माल बारीक निघतो, लायनरही (आतलं अस्तर) सगळीकडे एकसमान झिजतात. पण एकदा क्रशर ट्रिप झाला (जादा भाराने बंद पडला) की ऑपरेटर उरलेली शिफ्ट फीडर हात राखून चालवतो. त्याचा दोष नाही. ट्रिपचा जाब त्यालाच विचारतात, कमी गेलेल्या टनांचा कुणालाच नाही. लेव्हल, मोटरची पॉवर आणि हायड्रॉलिक दाब यांपैकी जे आधी मर्यादेला टेकेल त्यावरून फीड ठरवणारा कंट्रोलर असा बिचकत नाही.

धूळधाण
वाचायला झकास. ओला, चिकट माल आला की चेंबरमध्ये लिंपण बसतं, ते तुमच्या कंट्रोलरला कुठून कळणार? एखादा लांबोडका दगड सेन्सरच्या खाली आडवा अडकला की तो 'भरलंय' म्हणतो आणि फीडर बंद! जुना ऑपरेटर नुसत्या आवाजावरून ओळखतो. ऑटो चार दिवस चालतं, मग कुणीतरी मॅन्युअलला टाकतं ते कायमचंच.

पीआयडी_पीडित
दोघांनीही पट्टा विसरलात. फीडरपासून क्रशरपर्यंत १०० मीटर पट्टा आणि वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर केलेला बदल ५० सेकंद दिसतच नाही. साधा पीआयडी (मोजलेल्या फरकावरून दुरुस्ती करणारा कंट्रोलर) तोवर फीड वाढवत राहतो, मग एकदम धबाबा माल येतो आणि ट्रिप. लोक म्हणतात ऑटो बेकार. असा उशीर हिशोबात धरणारा स्मिथ प्रेडिक्टर १९५७ सालचा आहे, नवं काही नाही. त्याहून सोपं म्हणजे क्रशरच्या डोक्यावर छोटा बंकर आणि त्याखाली आखूड फीडर. पण तो बजेटात बसत नाही, सॉफ्टवेअर बसतं.

खडकफोड्या
बंकरचं मान्य. तरी पैसा बारीक मालात आहे. दळायला किती ऊर्जा लागते ते सांगणाऱ्या बाँडच्या सूत्रात घालून बघा: मिलचा फीड १६ मिमीऐवजी ९ मिमी (८० टक्के माल त्याहून बारीक), अंतिम माल १०० मायक्रॉन. मिलची टनामागची वीज जवळपास ३ टक्के उतरते.

धूळधाण
आणि त्याच सूत्राने तेवढीच वीज क्रशरला जास्त लागते! बाँडच्या हिशोबात ऊर्जा इकडची तिकडे होते, वाचत नाही. शिवाय पुढे सॅग मिल (गोळ्यांबरोबर मोठ्या दगडांनीही दळणारी) असेल तर तिला दळायला मोठे दगडही लागतात. सरसकट बारीक करून भागत नाही.

खडकफोड्या
सॅगचं बरोबर, मी बॉल मिलबद्दल बोलतोय. पण अर्धा रिकामा क्रशरही फिरायला वीज खातोच. आणि प्लांट बहुधा मिलपाशी अडतो. तिथे ३ टक्के हलकं झालं म्हणजे तेवढे टन वाढले.

पीआयडी_पीडित
हे ९ मिमी टिकवणार कसे? लायनर झिजला की गॅप (ज्या फटीतून माल बाहेर पडतो ती) उघडतो. मग चाळणीवरून परत फिरणारा माल वाढतो, क्रशरच्या पट्ट्यावर टन भरपूर दिसतात आणि नवा माल कमीच गेलेला असतो. परतीच्या पट्ट्यावर वजनकाटा नसेल तर कंट्रोलर त्या टनांवरच खूश. कित्येक ठिकाणी गॅप मोजायला अजून शिशाचा गोळा तारेला बांधून सोडतात आणि चेपलेली जाडी कॅलिपरने मोजतात. ती मोजणी वेळच्या वेळी झाली तरच गॅपचं ऑटो करा.

धूळधाण
आता मुद्द्यावर आलात. मग लेव्हल सेन्सरवरची धूळ पुसायची कुणी, तेही लिहून टाका. इन्स्ट्रुमेंटवाले म्हणतात प्रॉडक्शनने, प्रॉडक्शनवाले म्हणतात इन्स्ट्रुमेंटने. हे ठरेपर्यंत माझा क्रशर मॅन्युअलवरच.