कारळे, खुरासणी आणि काळे तीळ

प्रश्न : आईच्या चटणीच्या पाककृतीत ‘कारळे’ आहेत. सासरी अकोल्याकडे (नगर जिल्ह्यातलं अकोले) त्यालाच खुरासणी म्हणतात, आणि इथे दुकानदाराने काळे तीळ पुढे केले. तिन्ही एकच का?

उत्तर : कारळे आणि खुरासणी एकच. काळे तीळ मात्र वेगळे, ते घेऊ नका. दाणे तळहातावर घेऊन पाहा. तीळ चपटा, एका टोकाला निमुळता, थेंबासारखा. कारळा लांबट, सडपातळ आणि चकचकीत काळा. वनस्पतीही दूरची आहे, कारळ्याचं कूळ सूर्यफुलाचं. तर्पणाला काळे तीळच लागतात, तिथे कारळे चालत नाहीत.

गंमत अशी की नावं मात्र तिळावरूनच पडली. हिंदीत रामतिल. कानडीत तिळाला एळ्ळु म्हणतात आणि कारळ्याला हुच्चेळ्ळु, म्हणजे ‘वेडे तीळ’. कानडीत ‘कार’ म्हणजे काळा, त्यामुळे आपलं ‘कारळे’सुद्धा कार आणि एळ्ळु मिळून झालं असावं असं मला वाटतं. तेलाचंही तसंच. तिलापासून तैल, तैलापासून तेल. आता खोबऱ्याचंही तेलच.

‘खुरासणी’ ऐकलं की इराणातला खुरासान आठवतो, पण हे पीक मूळचं इथिओपियाचं. तिथे त्याला नूग म्हणतात. आणि एक जपून : खुरासानी ओवा ही निराळी, विषारी वनस्पती आहे. नुसतं ‘खुरासानी द्या’ असं दुकानात म्हणू नये.

प्रश्न : मग ‘कारळे भाजले’ की ‘कारळं भाजलं’?

उत्तर : दोन्ही कानावर येतं. स्वयंपाकघरात तिळासारखं अनेकवचन, ‘कारळे तडतडले’. शेतात ‘कारळं पेरलंय’. खुरासणी स्त्रीलिंगी, ‘खुरासणी फुलली’.

पुरवणी : आमच्या इगतपुरीकडे पाऊस सरत आला की वरकस उतारावर खुरासणी पिवळी होते. बाहेरून आलेले तिला सोनकी म्हणून फोटो काढतात. सोनकी रानची, खुरासणी पेरलेली. बांधावर उभं राहिलं की मधमाश्यांचा गुंजारव ऐकू येतो. त्यांच्याशिवाय दाणा नीट भरत नाही. तेल काढून उरलेली पेंड जनावरांना. घरी आम्ही कारळे मंद आचेवर भाजतो. पहिले दाणे उडाले की लगेच उतरवायचे, नाहीतर चटणी कडू होते.