बी-२०४ कडे आलेले पाहुणे (सोसायटी ग्रुप, पुणे, जून २०२०)

सेक्रेटरी: काल रात्री बी-२०४ मध्ये बाहेरगावचे चौघं आल्याचं वॉचमन सांगतो. कोरोनामुळे बाहेरचे पाहुणे न आणण्याचा ठराव सगळ्यांना माहीत आहे. कृपया खुलासा करावा.

बी-२०४: काका, माझ्या सासूबाई, जाऊबाई आणि त्यांची दोन मुलं. श्रीवर्धनहून आलेत. ३ तारखेच्या निसर्ग वादळात कौलं उडाली, माजघरात पाणी. ई-पासचा फोटो टाकते. चौदा दिवस कोणी दाराबाहेर येणार नाही.

ए-१०१: पास ठीक आहे हो, पण लिफ्ट एकच. आमच्यासारखी वयस्कर माणसं आहेत इथे.

सी-३०२: पेशंट तर पुण्यात जोरात वाढतायत. घाबरायचं तर त्यांनी घाबरावं!

ए-१०१: विनोद नको.

बी-२०४: सासूबाई जिना चढून आल्या काका. लिफ्टला हात लावला नाही.

ए-४०३: वहिनी, दीर नाही आले?

बी-२०४: पंचनामा व्हायचाय ना. तलाठी येईल तेव्हा दारात कोणी नसलं तर नाव राहून जायचं. घाटावरून बोलणं सोपं, पण तिथे सगळी वाडी आडवी आहे. पोफळी एकमेकींवर पडल्यात, विहिरीपर्यंत जायला वाट नाही. लाइट नाही म्हणजे पंप नाही, दोर-बादलीनं पाणी. खांबच पडलेत, वीज लवकर यायची चिन्हं नाहीत. आणि धाकट्याला दमा आहे, नेब्युलायझर विजेवर चालतो. म्हणून बायकामुलांना इकडे धाडलं.

सी-३०२: फोन लागतो का?

बी-२०४: रेंजसाठी टेकडीवर जातात. चार्जिंग जनरेटरवाल्याकडे, पैसे देऊन.

ए-४०३: सरकारने बागांना हेक्टरी ५०,००० केलेत ना? आधी १८,००० होते.

बी-२०४: हो, हेक्टरी. आमची वाडी वीस गुंठे. म्हणजे १०,००० रुपये. पडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याच्या वर जाईल. आज पोफळ लावली तरी सुपारी धरायला सहा-सात वर्षं. जाऊबाई हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडतात. सासूबाईंचं एकच, गोठ्यावर पत्रे चढले का?

डी-१०४: आपण कपडे, चादरी गोळा करूया का?

बी-२०४: ताई, राग मानू नका, कपडे नकोत. आहेत तेच वाळत नाहीत. ताडपत्री, पत्रे, पत्र्याचे हूक आणि झाडं कापायचं मशीन हवंय. तिकडे पत्र्यांना मागणी इतकी की दुकानदार सांगेल तो भाव.

सी-३०२: मशीन माझ्या मेहुण्याकडे आहे. संध्याकाळी आणतो. पेट्रोलवर चालतं, कॅन बरोबर न्या.

ए-४०३: ताडपत्री रविवार पेठेत मिळाली असती, पण पेठा सील आहेत.

ए-१०१: गणपतीच्या मंडपाची आहे की आपली! टेरेसवरच्या खोलीत. यंदा कसला आलाय मंडप.

सेक्रेटरी: ती सोसायटीची मालमत्ता आहे. कमिटीची मंजुरी लागेल.

ए-१०१: मी कमिटीत आहे. मंजूर.

डी-१०४: मंजूर. मीही आहे.

सेक्रेटरी: बरं. कधी न्यायची?

बी-२०४: हे परवा ताम्हिणीमार्गे जातायत, पास मिळाला तर. मनापासून आभार काका.

ए-१०१: सासूबाईंना सांगा, गोठ्यासाठी आहे म्हणून. आणि दूध-भाजी मी दाराशी ठेवत जाईन, खाली उतरू नका.

सेक्रेटरी: ताडपत्रीची लांबी-रुंदी नोंदवहीत लिहून, सही करून न्यावी. दोरी वेगळी लिहावी.