उत्तर: नाणं हातात घेऊन की फोटोवरून?

जुनं नाणं विकत घेताना ते हातात घेऊन पारखावं की फोटोवरून, या प्रश्नावर 'फोटो चांगला हाय रिझोल्यूशनचा असेल तर हातात घ्यायची गरजच नाही' असं एकाने वर लिहिलंय, ते अर्धंच पटलं. टंकसाळीची खूण बघायला, म्हणजे नाणं कुठे पाडलं ते सांगणारा तारखेखालचा बारीकसा ठिपका वगैरे, झूम केलेला फोटो माझ्या डोळ्यांपेक्षा केव्हाही भारी. पण कडेचं काय? विकणारे फक्त दोन बाजू दाखवतात. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्या, 1940 पासून त्यातली चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 वर आली, वजन मात्र तेच 11.66 ग्रॅम, त्यामुळे कुठला रुपया कोणता ते वजनकाटाही सांगत नाही, पण नकली नाणी रोखायला तेव्हापासून कडेच्या दात्यांमधून (उभ्या बारीक रेघांमधून) एक खाच फिरवलेली असते, अंगठ्याच्या नखाला लगेच लागते. आणि घासून चमकवलेलं नाणं फोटोत झकास दिसतं, हातात दिव्याखाली फिरवलं की बारीक चरे उठून दिसतात. म्युझियमला जा म्हणणाऱ्यांना एवढंच, आपल्या मुंबईतल्या काळा घोड्याच्या म्युझियममध्येही नाणी काचेमागेच आहेत, कडा तिथेही चाचपता येत नाही. त्यापेक्षा फोर्टातल्या एखाद्या ओळखीच्या दुकानदाराकडे बसा, आणि ऑनलाइन घेताना कडेचा फोटो मागाच, टाळाटाळ केली तर सोडून द्या सरळ.