मदत हवी आहे: ग्रंथालय पाडताना भिंतीवरच्या मोझॅकचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहते. सिटी कौन्सिलने नुकतीच माझी शहराच्या आर्ट्स कमिशनवर नेमणूक केली आहे. पद बिनपगारी आहे, पण जबाबदारी मोठी आहे. शहराच्या मालकीच्या कलाकृती, नव्या इमारतींसाठी कलाकारांची निवड आणि छोट्या सांस्कृतिक संस्थांची अनुदानं, हे सगळं आमच्यासमोर येतं.

आमचं जुनं ग्रंथालय पाडून त्याच जागी नवं बांधणार आहेत. दर्शनी भिंतीवर १९७० च्या दशकातलं, काचेच्या तुकड्यांचं प्रचंड मोझॅक आहे. कलाकार हयात नाहीत. त्यांच्या मुलीने 'हे वाचवा' असं पत्र पाठवलंय. बांधकाम पाहणाऱ्या विभागाचं म्हणणं असं, की नव्या इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी ठेवलेलाच आहे, त्यातून नवीन काहीतरी सुंदर येईल, मग जुन्यात पैसे का घालायचे? लवकरच यावर मतदान आहे.

मला ते मोझॅक वाचवायचंय, हे आधीच सांगते. गावातल्या दोन पिढ्या त्याच्याखाली उभं राहून वाट बघत मोठ्या झाल्या आहेत. पण नुसत्या भावनेवर ठराव मांडता येणार नाही. तो एक टक्का जुनी कलाकृती हलवायला वापरता येतो का? कलाकाराच्या मुलीला कायद्याने काही हक्क आहे का? आणि एक वेगळा प्रश्न: इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत मी आहे आणि मंडळ यंदा शहराच्या अनुदानासाठी अर्ज करतंय. तेव्हा मी काय करायचं?

कुणी अशा कमिशनवर किंवा त्याच्या कार्यालयात काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

अभिनंदन! मी दुसऱ्या एका शहराच्या सार्वजनिक कला विभागात प्रकल्पांचं काम बघतो, त्यामुळे पैशाच्या बाजूचं सांगू शकेन.

एक टक्क्याची कल्पना अमेरिकेत फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये शहराच्या कायद्यात आणली. सॅन फ्रान्सिस्कोने १९६९ मध्ये दोन टक्के ठरवले, सिअ‍ॅटलने १९७३ मध्ये एक टक्का. तत्त्व सगळीकडे तेच: सरकारी बांधकामाच्या खर्चातला ठरलेला हिस्सा कलेला. पण हा पैसा बांधकामाचा असतो, बऱ्याचदा कर्जरोख्यांतून उभा केलेला. कर्जरोख्यांचा पैसा टिकाऊ मालमत्ता उभी करायला असतो, धूळ पुसायला किंवा निसटलेली काच बसवायला नाही. म्हणून कितीतरी शहरांत नवं शिल्प थाटात उभं राहतं आणि पुढे त्याच्या देखभालीला कुणाच्याच खात्यात पैसे नसतात. या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं दुखणं हेच आहे आणि त्याबद्दल बोलायला लोक नाखूश असतात, कारण देखभालीचं उद्घाटन होत नाही.

तुमच्या शहराचा अध्यादेश मुळातून वाचा. सारांशावर विसंबू नका. 'कलाकृती' या व्याख्येत जुनी कलाकृती हलवणं आणि पुन्हा बसवणं धरलंय का, ते शब्द न् शब्द बघा. काही ठिकाणी धरलेलं असतं, काही ठिकाणी नाही.

पण माझा सल्ला असा, की तुम्ही त्या एक टक्क्यावर बोटच ठेवू नका. मोझॅक ही आज शहराची मालमत्ता आहे. इमारत पाडताना तिथली शहराची मालमत्ता सुखरूप काढणं हा पाडकामाचाच भाग, जशी आतली पुस्तकं हलवणं आहे. तेव्हा उतरवणं, साठवण आणि पुन्हा बसवणं हा खर्च प्रकल्पाच्या मुख्य अंदाजपत्रकात धरावा, अशी मागणी करा. अंदाजपत्रक अजून बंद झालं नसेल तर हे आत्ताच शक्य आहे. पाडकामाची निविदा निघाली की दार बंद.

त्याआधी एक काम अनिवार्य आहे: कलासंवर्धनाच्या तज्ज्ञाकडून पाहणी. मोझॅक थेट भिंतीच्या गिलाव्यात बसवलंय की वेगळ्या पाट्यांवर करून मग भिंतीला जोडलंय, यावर सगळं अवलंबून आहे. पाट्या असतील तर काम सोपं. थेट भिंतीत असेल तर पुढून कापड चिकटवून मागून कापत उतरवावं लागतं. महाग आणि जोखमीचं, पण अशक्य नाही. मिलर्ड शीट्स या कलाकाराचं सांता मोनिकातल्या बँकेच्या इमारतीवरचं मोठं मोझॅक उतरवून ऑरेंज शहरातल्या हिल्बर्ट म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर बसवलं आहे. २०२४ पासून लोक ते तिथे बघताहेत. हे उदाहरण बैठकीत जरूर सांगा, कारण 'असं कुठे होतं का?' हा प्रश्न येणारच.

प्रतिसाद २

कायद्याबद्दल थोडं. मी वकील आहे, पण तुमच्या शहराची नाही. त्यामुळे शेवटचा शब्द सिटी अ‍ॅटर्नीचा.

कलाकाराच्या हक्कांचा केंद्रीय कायदा १९९० चा आणि तो १ जून १९९१ पासून लागू झाला. त्याआधी तयार झालेली आणि तेव्हाच मालकी दुसऱ्याकडे गेलेली कलाकृती त्यात येत नाही. मोझॅक शहराने त्याच काळात विकत घेतलं असेल, तर हा रस्ता बंद.

पण कॅलिफोर्नियाचा स्वतःचा १९७९ चा कायदा आहे आणि तो तुमच्यासाठी जास्त कामाचा आहे. त्यातले हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षं टिकतात आणि वारसांकडे जातात. त्यात काचेतली मूळ कलाकृती स्पष्टपणे नमूद आहे. इमारतीचा भाग असलेली कलाकृती मोठी हानी न होता काढता येत असेल आणि मालकाला ती नष्ट करायची असेल, तर आधी कलाकाराला, तो नसेल तर वारसाला, लेखी सूचना द्यावी लागते. मग वारसाला ९० दिवस मिळतात: कलाकृती काढून न्यायची किंवा काढण्याचा खर्च द्यायचा. वारसाच्या खर्चाने काढली तर मालकीही वारसाकडे जाते.

उलट ती हानी न होता काढताच येत नसेल, तर हक्क सोडले असं मानलं जातं. अपवाद एकच: मालकाच्या सहीचा, हक्क राखून ठेवणारा लेखी आणि नोंदणी केलेला दस्त. म्हणून वरच्या प्रतिसादातली तज्ज्ञाची पाहणी ही कायद्याच्या दृष्टीनेही पहिली पायरी आहे. शिवाय कलाकृती मान्यताप्राप्त दर्जाची असावी लागते. संग्रहालयातले लोक, कलेचे अभ्यासक यांची लेखी मतं आत्तापासून जमवा. केंद्रीय कायदा आल्यावर राज्याचा कायदा कुठवर टिकतो यावर वाद आहे, तो मुद्दा सिटी अ‍ॅटर्नीला मुद्दाम विचारा.

प्रतिसाद ३

दोन गोष्टी, पण महत्त्वाच्या.

बाकीच्या सदस्यांना एकेकटं गाठून मोझॅकसाठी मतं जमवायला जाऊ नका. १९५३ चा ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे सरकारी मंडळांच्या बैठका लोकांसाठी खुल्या ठेवायचा कॅलिफोर्नियाचा कायदा, कमिशनलाही लागू आहे. बहुमत होईल इतक्या सदस्यांशी ईमेलवर किंवा एकामागून एक फोनवर चर्चा झाली, तरी ती बेकायदा बैठक ठरू शकते. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते. नागरिकांना मात्र कुणाशीही बोलायची मोकळीक आहे. ग्रंथालयात येणारे लोक, शिक्षक, ती मुलगी, यांनी बैठकीत येऊन बोललं तर त्याचं वजन तुमच्या भाषणाहून जास्त पडेल.

मंडळाच्या अर्जाबाबत: कार्यकारिणीवर असल्याचं आधीच लेखी कळवा आणि तो विषय निघाला की उठून बाहेर जा. चर्चेतही बसू नका. मंडळाचा अर्ज दुसऱ्या कुणीतरी लिहू दे, तुम्ही त्याला हातही लावू नका. अर्ज लिहिणाऱ्याने 'गणेशोत्सव साजरा करणार' इतकंच न लिहिता शहरातल्या इतर लोकांना त्यात काय मिळणार, ते लिहावं. परीक्षक तेच शोधतात.

मूळ लेखिकेचा प्रतिसाद

तुम्हा तिघांचेही मनापासून आभार. विशेषतः खर्च पाडकामात धरायचा, हे मला सुचलंच नसतं.

शहराच्या दफ्तरातून जुनी फाइल मागवली. खरेदीचा करार आहे, मालकी तेव्हाच शहराकडे आली. पण त्यात नकाशेही आहेत आणि नकाशात मोझॅक काँक्रीटच्या सुट्या पाट्यांवर केलेलं दिसतंय, पाट्या बोल्टने सांगाड्याला लावल्या आहेत! नंतर कुणी मागून काँक्रीट भरलंय का, हे तिथे गेल्यावरच कळेल. मंडळाबद्दलचं पत्र आजच देते.

आता ठराव कसा मांडू? 'मोझॅक वाचवा' एवढं पुरेल का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

फारच चांगली बातमी. नकाशांच्या प्रती विषयपत्रिकेसोबत जोडायला कर्मचाऱ्यांना सांगा.

'वाचवा' एवढ्याने भागणार नाही. तो शब्द उद्या गोदामातही पूर्ण होतो आणि मोझॅक तिथेच राहतं. ठरावात कारणं लिहा, कारण त्यावर अपील झालं तर लोक कारणंच वाचतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या कमिशनने मार्च २०१८ मध्ये 'अर्ली डेज' हा शिल्पसमूह हटवायचं एकमताने ठरवलं, अपील मंडळाने ते एप्रिलमध्ये अडवलं आणि शिल्प हललं सप्टेंबरमध्ये. एकमत होतं, तरी निर्णय अडला.

मी असा मसुदा सुचवेन, भाषा तुमच्या कर्मचाऱ्यांकडून नीट करून घ्या:

'कमिशन शिफारस करते की पाडकामाची निविदा काढण्यापूर्वी कलासंवर्धन तज्ज्ञाचा लेखी अहवाल घ्यावा. मोझॅक सुरक्षित काढता येत असल्यास ते उतरवणं, साठवण आणि पुन्हा बसवणं यांचा खर्च ग्रंथालय प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा. नव्या इमारतीत त्याची जागा वास्तुकाराने आराखड्याच्या टप्प्यावरच दाखवावी. कलाकाराच्या वारसाला लेखी कळवावं. अहवाल येईपर्यंत कलाकृती शहराच्या संग्रहातून वगळण्याचा कोणताही निर्णय घेऊ नये.'

जागेचं कलम कुणी कापायला सांगितलं तर ऐकू नका. बाकी शब्दांवर तडजोड चालेल.